मामाची खुर्ची

विजयमालाला बिघडलेली वस्तू बघवत नाही, आणि नीट चाललेली वस्तू तर तशीच सोडवत नाही. तासगावजवळच्या वाडीत ती लग्न होऊन आली, तेव्हा सासरी खंडीभर माणसं आणि अंगणाच्या टोकाला एकच संडास होता. त्याला दार होतं, पण आतून कडी नव्हती. बाहेरच्यानं खोकून विचारायचं आणि आतल्यानं खोकून सांगायचं, अशी घरची रीत. नव्या नवरीला सासऱ्यांना खोकून उत्तर द्यायची लाज वाटायची. तिनं शेळीच्या गळ्यातली घंटा सोडली आणि दोरीनं अशी बांधली की आत माणूस असला की ती दाराबाहेर लोंबायची आणि माणूस निघाला की आत ओढली जायची. सासरे आधी चिडले. मग पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना ती घंटा दाखवायला न्यायला लागले. शेळी मात्र त्या साली दोनदा हरवली.

नवरा फौजेत, त्यामुळे द्राक्षाची बाग आणि बेदाण्याचं शेड तिनंच सांभाळलं. हातात पक्कड असली की तिला घरात एकटं वाटत नसे. लालासाहेब नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा त्यांना आपल्याच घरातले निम्मे नळ कसे उघडतात ते बायकोला विचारावं लागलं.

लालासाहेबांचे गुडघे मात्र तिच्या पकडीत येणारे नव्हते. नोकरीत त्यांनी बर्फात, वाळूत, उघड्या माळावर, एका हातात बंदूक धरून उकिडवं बसून दाखवलं होतं. तसं ते अभिमानानं सांगतही. आता ते पाटावरसुद्धा बसू शकत नव्हते. मुलानं, वीरधवलनं, घरात कमोड बसवून दिला आणि घरापुरता प्रश्न मिटला. पण त्याच कमोडनं त्यांना घरात डांबून ठेवलं. कुठं जायचं म्हटलं की त्यांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहायचा तो तिथल्या संडासाचा, आणि तो प्रश्न तोंडानं विचारणारा माणूस काही ते नव्हते. मग कधी बागेला औषध मारायचं असायचं, कधी अंगात कणकण असायची. भावकीतली लग्नं, मित्राच्या मुलाची वास्तुशांत, पलटणीतल्या लोकांचा मेळावा, सगळं असंच चुकलं. लोक म्हणायला लागले की बंगला बांधल्यापासून लालासाहेबांना शिंगं फुटली.

अशातच फलटणहून त्यांची बहीण मालन पत्रिका घेऊन आली. मालनचा नवरा वारलेला, एक मुलगी सोनिया आणि एक भाऊ, एवढंच तिचं माहेर-सासर. सोनियाचं लग्न फलटणलाच एका मंगल कार्यालयात ठरलं होतं. नवरीला खोलीतून बोहल्यापर्यंत आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हे काम मामाचं. लालासाहेबांनी पत्रिका हळदीकुंकवासकट डोळ्यांपाशी नेऊन वाचली आणि म्हणाले, बघू, बागेचं काम निघालंय.

“बागंचं काम?” मालन म्हणाली. “मग दादा, तिला बोहल्यावर कोण आणणार? कार्यालयाचा वॉचमन?”

ते व्हिडिओ कॉलबद्दल काहीतरी बोलले. मालन हसली नाही. विजयमाला तिला एसटीपर्यंत सोडायला गेली. गाडी येईपर्यंत मालन पदराशी चाळा करत राहिली आणि शेवटी पायरीवर पाय ठेवता ठेवता तिनं विचारलं, “वहिनी, दादाचा माझ्यावर काय राग हाय का?”

विजयमालाला खरं सांगता येईना. नवऱ्याची लाज ही तिच्या एकटीची मिळकत नव्हती. ती एवढंच म्हणाली, “तुझा भाऊ येणार. कसा ते इचारू नगं.”

मग तिनं सांगलीच्या एका मेडिकलमधून ॲल्युमिनियमची कमोड खुर्ची आणली. लालासाहेबांनी ती लांबूनच पाहिली. ही गाडीत दिसली की म्हातारा खाटेला लागला म्हणून गाव भेटायला येईल, असं म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. खुर्ची परत गेली. विजयमालाच्या मात्र डोक्यात प्रकाश पडला. अडचण भोकाची नव्हती, अडचण दिसण्याची होती.

द्राक्षमांडवाचे अँगल जोडून देणाऱ्या जोतिबाकडं ती लोखंडी सांगाडा करून घ्यायला गेली. हात पुढं आलेले हवेत, म्हणजे त्यावर जोर देऊन उठता येईल. उंची नेहमीपेक्षा चार बोटं जास्त. आणि बैठकीच्या मधोमध गोल मोकळं ठेव, असं तिनं सांगितलं.

“एवढं मोठं भोक कशाला वयनी?”

“हवा खेळाय.”

“कुणाची?”

“बसंल त्याची.”

जोतिबानं पुढं विचारलं नाही, पण वेल्डिंगच्या काचेमागं तो बराच वेळ हसत होता.

बाकीचं तिनं घरी केलं. बेदाण्याची चाळणी यंत्रातून जशी मागं सरकवून काढतात, तशी खुर्चीच्या पाठीमागून सरकणारी बादली बसवली. बादलीत लाकडाचा भुसा, आणि वरून टाकायला आणखी भुसा एका डब्यात. झाकणातून वास येऊ नये म्हणून त्याला पाच लिटरच्या कुकरची रिंग लावली. त्या आठवड्यात घरातली डाळ उघड्या पातेल्यात शिजली. धुण्याच्या पाण्यासाठी फवारणीचा छोटा हातपंप, कोरा करकरीत, उजव्या हाताखाली एका कप्प्यात ठेवला. सगळ्यावर बिजागरीची गादी. गादी खाली पाडली की खुर्ची, वर केली की काम.

पहिल्या चाचणीला विजयमाला दाराबाहेर उभी राहिली. आत गादी वर झाल्याचा आवाज आला. मग पंपाचा दट्टा दोनदा वाजला आणि नायब सुभेदारांनी हिंदीतला एक शब्द उच्चारला, जो ते फक्त सीमेवर वापरत असत. पंपाचं नोझल दाट घडाच्या आतपर्यंत औषध पोचवणारं होतं. ते बदलायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

“गुडघा दुखला का?” तिनं बाहेरून विचारलं.

“गुडघा ठीक हाय. बाकीचं इचारू नगं.”

नोझल बदललं. मग सोफे शिवणाऱ्याकडं खुर्ची नेली. लग्नाच्या स्टेजवरच्या सोफ्यांना लागतं तेच मरून रंगाचं मखमली कापड आणि तीच सोनेरी किनार तिनं मुद्दाम निवडली. लग्नघरात लग्नघरासारखीच वस्तू असली की कुणाची नजर जाणार नाही, असा तिचा हिशेब. लालासाहेबांनी तयार खुर्चीभोवती परेडची तपासणी करावी तशी चक्कर मारली, हातावर जोर देऊन दोनदा बसले, दोनदा उठले आणि फलटणला जायला तयार झाले.

लग्नाच्या दिवशी ते पहाटेच वीरधवलच्या पिकअपनं निघाले, खुर्ची मागं चादरीत गुंडाळून. निघायच्या घाईत लालासाहेबांचं पोट साफ झालं नव्हतं, पण व्यवस्था सोबत असल्यामुळं ते निश्चिंत होते. वाटेत त्यांनी दोनदा चहा घेतला. इतक्या दिवसांनी रस्ता बघत होते, प्रत्येक गावाचं नाव मोठ्यानं वाचत होते. विजयमालाला ते बघून बरं वाटलं आणि काळजीही वाटली, कारण चहा तिनं मोजला होता.

कार्यालयात एकच कमोड होता, तोही वरच्या मजल्यावर वरपक्षाच्या खोलीत, उभ्या जिन्यानं. तो प्रश्न आपला नाहीच, अशा तोऱ्यात विजयमालानं खुर्ची नवरीच्या खोलीशेजारच्या छोट्या खोलीत ठेवली. चादर ठेवावी की काढावी, यावर तिनं विचार केला. झाकलेली वस्तू बायका उघडून बघतात, उघडी कुणी बघत नाही. तिनं चादर काढली, घडी केली आणि सोनियाच्या मुंडावळ्या बांधायला गेली.

आपल्या भागातलं लग्न म्हणजे अर्धं लग्न आणि अर्धी सभा. मुहूर्त पत्रिकेत छापलेला असतो, पण अक्षता पडतात त्या पुढाऱ्यांचे सत्कार संपल्यावर. त्या दिवशीही साखर कारखान्याचे संचालक इंद्रजितदादा आले, त्यांच्या मागं चार गाड्यांतली माणसं आली, आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्या तर आधीच भरलेल्या. एका माजी सरपंचांना उठा म्हणायची हिंमत कुणाला होईना. स्टेजची जबाबदारी मालनच्या शेजाऱ्याच्या पोराकडं, शिवतेजकडं होती. तो बिचारा खुर्ची शोधत खोल्या धुंडाळत सुटला आणि शेजारच्या खोलीत त्याला स्टेजच्या सोफ्याची जणू धाकटी बहीणच दिसली. तीच मखमल, तीच किनार. डेकोरेटरनं जास्तीची पाठवली असणार, असं समजून त्यानं दोन पोरांकरवी ती उचलून पुढच्या रांगेत, पंख्याखाली नेऊन ठेवली.

इकडं लालासाहेब फेटा बांधून तयार होते आणि चेहऱ्यानं जरा बारीक झाले होते. त्यांनी विजयमालाला बायकांच्या घोळक्यातून बाजूला बोलावलं.

“खुर्ची कुठं हाय?”

“खोलीत.”

“न्हाई.”

“मग जरा थांबा, बघते.”

“अगं, थांबायचं माझ्या हातात हाय व्हय?”

ती हॉलच्या दारात आली. इंद्रजितदादा पायावर पाय टाकून त्या खुर्चीत बसले होते. गळ्यात हार, मांडीवर नारळ, आणि चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी नीट बसायला मिळालेल्या माणसाचं समाधान.

तिनं वीरधवलला पाठवलं, एक पाय ढिला आहे, खुर्ची बदलून देतो, म्हणायला सांगितलं. दादांनी बसल्या जागी दोन गचके देऊन बघितले आणि कारखान्याच्या मीटिंग हॉलमध्येसुद्धा एवढी भक्कम खुर्ची नाही, असा निर्वाळा दिला. गचक्यानं हाताखालचा कप्पा उघडला. आत हातपंप. दादांना लग्नांची सवय. त्यांनी तो शेजारच्या कार्यकर्त्याकडं दिला आणि म्हणाले, गुलाबपाणी ठेवलंय, मारा की पाहुण्यांना. कार्यकर्त्यानं दट्टा मारून पहिला फवारा दादांवर, दुसरा माजी सरपंचांवर आणि मग रांगेनं सगळ्यांवर मारला. विजयमालानं पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकले होते. दोन-तीन जणांनी डोळे मिटून वास घेतला. नवीन अत्तर दिसतंय, भारीतलं, असं एकजण म्हणालासुद्धा.

तेवढ्यात दादांच्या हाती माइक दिला गेला. त्यांनी बसूनच वधूवरांना आशीर्वाद दिले, उसाच्या तोडीबद्दल दोन शब्द बोलले आणि विचारलं, मामा कुठं आहेत, नवरीला आणा की आता. निवेदकानं तेच तीन वेळा पुकारलं. मालन धावत आली. तिच्या चेहऱ्यावर एसटीच्या पायरीवरचाच प्रश्न होता.

“वहिनी, आमचा दादा कुठाय? गेला का तो?”

लालासाहेब दाराआड भिंतीला टेकून उभे होते, पाय जुळवून, सावधान केल्यासारखे. मालन वळताच ते विजयमालाला हळूच म्हणाले, “मी गाडीत बसतो. मालनला सांग, चक्कर आली. घरी चल.”

हा माणूस आता घरी गेला तर पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही, हे विजयमालाला स्वच्छ दिसलं. आणि मालन आयुष्यभर तोच प्रश्न विचारत राहील. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भर हॉलमधून, सगळ्यांच्या देखत, सरळ इंद्रजितदादांसमोर जाऊन उभी राहिली.

“दादा, जरा कान हिकडं करा.”

दादा वाकले. तिनं सगळं सांगितलं, गुडघ्यापासून बहिणीपर्यंत आणि भोकापासून बादलीपर्यंत. कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासद आरडाओरडा करतात तेव्हा दादांचा चेहरा जसा दगडी राहतो, तसाच तो राहिला. फक्त मांडीवरचा नारळ घरंगळला.

“वापरलीया का?” त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

“घरी. आज अजून न्हाई. तीच तर अडचण हाय.”

“आन ते गुलाबपाणी?”

विजयमाला जमिनीकडं बघायला लागली. “साधं पाणीच हाय दादा. जंतू मरतात त्यानं.”

दादांनी मिशीवरून हात फिरवायला उचलला आणि मध्येच थांबवला. मग ते उठले. घाईनं नाही, धोतराची निरी सारखी करत, जसे काही आपण उठणारच होतो. माइक तोंडाशी नेला.

“मंडळी, आपल्यात मामाचा मान पयला. ही खुर्ची मामाची हाय. ती मामाच्या खोलीत मानानं गेल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत.”

एवढं म्हणून त्यांनी बँडवाल्यांकडं बोट केलं. बँड वाजायला लागला. चार कार्यकर्ते चार कोपऱ्यांना लागले, पाचव्यानं हातपंप परत कप्प्यात ठेवला, कुणीतरी फुलं उधळली. आडवी धरू नका, सरळ धरा, सरळ, असं ओरडत विजयमाला खुर्चीसोबत चालली, कारण भुशाची बादली तिला दिसत होती, इतरांना फक्त मखमल दिसत होती. खोलीच्या दारात लालासाहेब उभे होते. आपला संडास वाजतगाजत येताना बघणारा त्या जिल्ह्यातला तो पहिला माणूस असावा. त्यांच्या उजव्या हाताला काय झालं कोण जाणे, तो आपोआप कपाळाकडं गेला आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. लोकांना वाटलं, दादांना.

दार लागलं. दादा स्वतः दारापाशी थांबले आणि बँडमास्तरला त्यांनी हातानंच खूण केली की वाजवत राहा, जरा जोरात. एका म्हाताऱ्या बाईनं, आत काय चाललंय, असं विचारलं. दादा म्हणाले, मामा देवाचं नाव घ्यायला बसल्यात.

दोन गाणी वाजली. दार उघडलं आणि लालासाहेब बाहेर आले ते पंधरा वर्षांनी तरुण होऊन. ते थेट सोनियाच्या खोलीत गेले, भाचीचा हात धरला आणि ताठ पाठीनं तिला बोहल्याकडं घेऊन निघाले. अंतरपाटाच्या अलीकडं ते मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहिले. मालननं अक्षता टाकायच्या विसरून त्या मुठीत तशाच धरून ठेवल्या होत्या. नंतर ती भावाजवळ आली, काही विचारलं नाही, फक्त त्यांच्या फेट्याचा सुटलेला शेमला खोचून दिला.

पुढच्याच हंगामात फलटणकडच्या एका लग्नात नवरीच्या मामाची खुर्ची बँड लावून मिरवली गेली. मग आणखी एका लग्नात. आता तिकडच्या मंडपवाल्यांकडं सोफा, कमान, कारंजं यांच्याबरोबर ‘मामाची खुर्ची, मखमली’ अशीही सोय मिळते, आणि मामा तिच्यात बसून खोलीत दार लावून थोडा वेळ थांबतात. आत काय करायचं ते कुणालाच माहीत नसल्यामुळं ते मोबाइल बघतात. हा फार जुना रिवाज आहे, मधल्या काळात लोक विसरले होते, असं एका भटजींनी सांगितल्याचंही विजयमालाच्या कानावर आलं. तिनं मान डोलावली.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत वाडीत एक पांढरी गाडी आली आणि इंद्रजितदादांच्या बायको एकट्याच उतरल्या. द्राक्षांची चौकशी झाली, पावसाची झाली. मग त्यांनी आवाज खाली घेतला. लांबच्या एक आत्या आहेत, गुडघ्यांनी फार आजारी, त्यांना तशी एक खुर्ची हवी होती.

“आत्यांची उंची किती?” विजयमालानं टेप काढता काढता विचारलं.

“यांच्याएवढीच,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा पावसाबद्दल बोलायला लागल्या.

लालासाहेबांना आता घरात धरून ठेवणं अवघड झालं आहे. पिकअपच्या मागं खुर्ची टाकायची आणि निघायचं. पलटणीतल्या मित्रांबरोबर ते महाबळेश्वरला जाऊन आले, चुकलेल्या सगळ्या वास्तुशांतींना उशिरा का होईना पण भेट देऊन आले. मागच्या आठवड्यात सोनिया माहेरपणाला आली म्हणून फलटणला गेले. ठरलं होतं दोन दिवसांचं.

काल मालनचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती जरा घुटमळली. दादाची तब्येत छान आहे, म्हणाली. पहाटे उठून सगळ्यांना उठवतो, नळाला वॉशर बसवायला सांगतो, सोनियाच्या नवऱ्याला, जयराजला, रोज संध्याकाळी अंगणात कवायत शिकवतो. जावईबापू कालपासून आपल्या घरी परत जायचं म्हणतायत.

“वहिनी, दादाला न्यायला कवा येतायसा?”

विजयमालानं टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि समोर स्वयंपाकघरातला मिक्सर उघडून त्याचे सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेले होते.

“ऱ्हाऊ दे की मालन,” ती म्हणाली. “भनीचं घर हाय. मधी किती वर्सं आला नव्हता बिचारा.”